मॅक्स फॉन सिडो : दुसऱ्यांदा पाहताना

कृष्णधवल

१९९६ साली पुण्यात, विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा ‘द सेव्हन्थ सील’ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. खेळ सुटल्यावर आम्ही चार मित्र डेक्कनपर्यंत चालत गेलो आणि वाटेत कोणीही अवाक्षर काढले नाही, कारण तोंड उघडले तर आपल्याला फारसे कळलेले नाही हे बाहेर पडेल, अशी प्रत्येकालाच धास्ती होती. धर्मयुद्धावरून परतलेला, समुद्रकिनाऱ्यावर मृत्यूशी बुद्धिबळाचा डाव मांडणारा तो उंच, हाडकुळा सरदार पुढे कित्येक वर्षे माझ्या लेखी ‘विचारवंत नट’ या शब्दाचा अर्थ होऊन बसला. चित्रीकरणाच्या वेळी ती भूमिका करणारे स्वीडिश नट मॅक्स फॉन सिडो अवघे २७ वर्षांचे होते, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे दीड महिना घरी बसावे लागले. त्या काळात त्यांचे जुने चित्रपट ओळीने पुन्हा पाहिले आणि माझे सगळे हिशेब चुकले. जो सरदार मला पाठ होता, तो या वेळी काहीसा परका वाटला. देव गप्प का, हा त्याचा प्रश्न ऐकताना मी मनातल्या मनात ‘बरे, पुढे?’ असे म्हणत होतो. उलट ‘पेले द कॉन्करर’ (१९८७) मधला लासे, ज्याला मी विशीत ‘रडका म्हातारा’ म्हणून मोडीत काढले होते, त्याने माझी झोप उडवली. स्वीडनमधून पोटासाठी डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर आलेला हा विधुर शेतमजूर आपल्या पोराच्या अपमानाचा सूड घेण्याच्या गर्जना करतो आणि प्रत्यक्ष समोर उभे राहण्याची वेळ आली की त्याचे अवसान गळते. सहा फुटांहून उंच असलेला नट त्या क्षणी वीतभर होतो. मी आता ५२ वर्षांचा आहे. फॉन सिडो तेव्हा ५८ च्या आसपास होते.

म्हणून दोन प्रश्न विचारतो. त्यांचा कोणता चित्रपट तुमच्या बाबतीत दुसऱ्या वेळी टिकला नाही, किंवा अनपेक्षितपणे वर आला? आणि माझा वीस वर्षांचा भाचा त्यांना केवळ ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला तीन डोळ्यांचा कावळा म्हणून ओळखतो. त्याला दाखवायला सुरुवात कुठून करावी?

साधा_प्रेक्षक

भाच्याला ‘द एक्झॉर्सिस्ट’ दाखवावा. नट आवडला की नाही ते ठाऊक नाही, पण पुढचा आठवडाभर तो दिवा लावून झोपेल आणि तुम्हाला एकट्याने शांतपणे बर्गमन पाहता येईल.

नाट्यवेडी

कृष्णधवल, तुमच्या ‘विचारवंत नट’ या शब्दापाशीच मला थोडे थांबावेसे वाटते. बर्गमन यांच्या त्या काळातल्या चित्रपटांमागे माल्म्यो शहराचे नाट्यगृह उभे आहे, हे विसरून चालत नाही. हिवाळाभर नाटके आणि उन्हाळ्यात त्याच मंडळींना घेऊन चित्रपट, असा त्यांचा रिवाज होता. फॉन सिडो त्या रंगमंचावर इब्सेनचा पेअर गिंट, मोलियेरचा माणूसघाणा आणि गोएथेचा फाउस्ट उभा करत होते. त्यामुळे ‘द सेव्हन्थ सील’मधला सरदार तुम्हाला परका वाटला असेल, तर तो विचारांमुळे नसून वाणीमुळे वाटला असावा, तो मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असे बोलतो. तो चित्रपट मुळात बर्गमन यांनी आपल्या नाट्यविद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका एकांकिकेवरून झालेला आहे.

माझ्या बाबतीत अनपेक्षितपणे वर आलेला चित्रपट म्हणजे ‘विंटर लाइट’ (१९६३). पहिल्यांदा पाहिला तेव्हा फॉन सिडो यांना इतके थोडे काम का दिले, असा प्रश्न पडला होता. योनास नावाचा हा कोळी, चीनकडे अणुबॉम्ब येणार या बातमीने आतून पोखरला गेलेला असतो. गरोदर बायको त्याला धर्मगुरूकडे घेऊन येते. आता प्रसंग पाहा. दिलासा द्यायला बसलेला धर्मगुरू स्वतःच्याच श्रद्धेचे दिवाळे सांगत सुटतो, आणि फॉन सिडो समोर नुसते बसून ते ऐकतात. ना होकार, ना नकार, ना डोळ्यांत पाणी. ज्याच्याकडे दोरी मागायला आलो तो स्वतःच बुडतो आहे, हे त्या माणसाला कळते आणि आपल्याला ते त्याच्या न हलण्यातून कळते. थोड्या वेळाने नदीकाठी त्याचे प्रेत सापडते. तिथे पाण्याच्या खळाळात माणसांचे बोलणे ऐकूसुद्धा येत नाही. नाटकात मी पंचवीस वर्षे लहानमोठ्या भूमिका करते आहे, आणि समोरच्याचे वाक्य ऐकणे हे स्वतःचे वाक्य म्हणण्यापेक्षा किती अवघड असते, हे आता मला कळते. तरुणपणी मी समोरच्याचे वाक्य कधी संपते, याची वाट पाहत असे.

लुंडकर

या धाग्याचे नाव पाहून राहवले नाही, कारण मी सध्या त्यांच्या जन्मगावी, स्वीडनमधल्या लुंडला राहतो. पहिली गोष्ट उच्चाराची. इकडे त्यांचे आडनाव ‘स्यूडॉव’च्या जवळपास उच्चारले जाते, शेवटचा ‘व’ मुका नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्यांचे वडील कार्ल विल्हेल्म फॉन सिडो हे लुंड विद्यापीठात लोकसाहित्याचे प्राध्यापक होते आणि लोककथांच्या अभ्यासात आजही त्यांचे नाव घेतले जाते. एकच कथा निरनिराळ्या प्रदेशांत गेली की तिथल्या मातीप्रमाणे तिचे रूप कसे बदलते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांचा मुलगा पुढे ‘द व्हर्जिन स्प्रिंग’मध्ये एका मध्ययुगीन स्वीडिश पोवाड्यातल्या बापाची भूमिका करतो, हा योगायोग मला फार गोड वाटतो. मुलाचे पाळण्यातले नाव मात्र कार्ल आडोल्फ. ‘मॅक्स’ हे नाव त्यांनी सैनिकी सेवेच्या काळात केलेल्या एका विनोदी प्रवेशातून घेतले, असे सांगतात; त्या प्रवेशात पिसवांची सर्कस होती आणि मॅक्स हे तिच्यातल्या कलावंत पिसवेचे नाव होते.

साधा_प्रेक्षक

म्हणजे मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा गंभीर सरदार एका पिसवेचे नाव लावून आयुष्यभर वावरला. हे वाचल्यावर मला आता तो चित्रपट पाहण्याचे धैर्य होते आहे. उच्चाराबाबत मात्र मी ‘सिडो’वरच राहीन. या वयात जीभ वळवायला गेलो तर कवळी निसटायची.

प्रस्तर

थोडे अप्रिय मत मांडतो. आपण सगळे ज्याचे कौतुक करतो आहोत तो नट आहे की दिग्दर्शक, हे एकदा तपासून पाहावे. ‘पर्सोना’मध्ये फॉन सिडो नाहीत, ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’मध्ये नाहीत, ‘फॅनी अँड अलेक्झांडर’मध्येही नाहीत, आणि तरीही ते चित्रपट उणे वाटत नाहीत. उलट बर्गमन यांच्याविना फॉन सिडो यांनी काय केले ते पाहा. ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९८०) मध्ये लाल झगा घातलेला क्रूर बादशहा मिंग, ‘कोनन’मधला मुकुट घातलेला म्हातारा राजा, ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ (१९८३) मध्ये मांजर कुरवाळणारा खलनायक. १९६५ साली त्यांनी ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’मध्ये येशू ख्रिस्ताची भूमिका केली आणि तो चित्रपट मला पहिल्यांदाच पुरा पाहवला नाही, तेव्हा दुसऱ्यांदा टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तीन तास माणूस एका उंचीवरून बोलत राहतो आणि आजूबाजूला ओळखीचे तारे क्षणभर डोकावून जातात. हॉलिवूडने त्यांना प्रथम देव केले आणि मग सैतानाशी लढायला लावले. त्यांच्यातल्या साध्या माणसाचे काय करायचे ते त्यांना फारसे कधी कळले नाही.

उत्तररात्र

प्रस्तर, शेवटच्या वाक्यातला ‘फारसे’ हा शब्द घातलात म्हणून तुम्ही वाचलात. ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’ (१९७५) पुन्हा पाहा. त्यात ते पैसे घेऊन माणसे मारणारा जुबेर आहेत. कार्यालयात शिरून तो एका स्त्रीसमोर बंदूक घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य नसते, सभ्यपणा असतो. आणि आपला थरकाप त्या सभ्यपणामुळे होतो. फावल्या वेळात हा गृहस्थ शिशाच्या छोट्या सैनिकांना रंग देत बसतो. चित्रपटाच्या अखेरीस तो नायकाला, तुझा अंत कसा होईल, याचे जे वर्णन ऐकवतो, ते हवामानाचा अंदाज सांगावा इतक्या आपुलकीने ऐकवतो. हा प्रसंग बर्गमन यांनी लिहिलेला नाही आणि दिग्दर्शितही केलेला नाही.

आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’ची (१९७३) थट्टा पुरे झाली. त्यातले फादर मेरिन हे सत्तरीपलीकडचे वाटतात. नट तेव्हा ४४ वर्षांचा होता. डिक स्मिथ या रंगभूषाकाराची कमाल तर आहेच, पण रंगभूषा चेहऱ्यापुरती असते. इराकमधल्या उत्खननाच्या सुरुवातीच्या प्रसंगात ते चहाच्या दुकानात गोळी तोंडात टाकतात, तेव्हा हात कसा कापतो ते पाहा. म्हातारपण तिथे हातात आहे. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे : भूत उतरवण्याच्या प्रसंगातली धर्मवाक्ये फॉन सिडो यांना ठसक्यात म्हणता येईनात, तेव्हा कारण विचारल्यावर आपला देवावर विश्वास नाही असे ते म्हणाले. तुम्ही तर ख्रिस्ताची भूमिका केली होती, असे दिग्दर्शकाने म्हटल्यावर, ती मी माणूस म्हणून केली होती, असे त्यांचे उत्तर होते. प्रस्तर यांनी तो चित्रपट अर्धवट सोडला नसता तर हा माणूस त्यांनाही दिसला असता, असे म्हणण्याचा मोह मला होतो आहे. पण खरे सांगायचे तर मीही तो अर्धवटच सोडला होता.

उंट_घोडा

मी बुद्धिबळाच्या अंगाने एवढेच सांगतो. ‘द सेव्हन्थ सील’मध्ये सरदार देवळात जाळीपलीकडच्या धर्मगुरूसमोर मन मोकळे करतो आणि आपण मृत्यूला कोणत्या डावपेचाने हरवणार तेही सांगून टाकतो; जाळीपलीकडे अर्थातच मृत्यू बसलेला असतो. इंग्रजी उपशीर्षकांत हा डावपेच ‘बिशप’ आणि ‘नाइट’ यांच्या जोडीचा आहे. म्हणजे धर्मगुरूच्या कानात सरदार सांगतो की, मी धर्मगुरू आणि सरदार यांच्या साहाय्याने जिंकणार आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात एक खोच सापडते. मी माझ्या वडिलांना तो प्रसंग मराठीत समजावून सांगितला तेव्हा तो ‘उंट आणि घोड्याने मारणार’ असा झाला, आणि वडील म्हणाले, “मग वजीर काय करतो आहे?” पुढे खरोखरच सरदाराचा वजीर मारला जातो. वडिलांना चित्रपटात रस नव्हता, परंतु खेळ कळत होता.

तालुक्याचा_डॉक्टर

मी या विषयातला जाणकार नाही. तालुक्याच्या गावी अडतीस वर्षे दवाखाना चालवून आता निवृत्त झालो आहे. मुलाने आग्रहाने ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) दाखवला. त्यातला वृद्ध डॉक्टर मानाची पदवी स्वीकारण्यासाठी मोटारीने लुंडला निघालेला असतो, आणि वाटेत तो पेट्रोल भरायला एका पंपावर थांबतो. त्या भागात त्याने तरुणपणी दवाखाना चालवलेला असतो. पंपवाला त्याला ओळखतो, बायकोला हाक मारून बोलावतो, होणाऱ्या बाळाला तुमचेच नाव ठेवू म्हणतो आणि पेट्रोलचे पैसे घेत नाही. तो पंपवाला हे तुमचे मॅक्स फॉन सिडो आहेत, हे मला मुलाने नंतर सांगितले. दोन-तीन मिनिटांचेच काम असेल.

त्या प्रसंगाविषयी मला जे सांगायचे आहे ते असे. पैसे न घेणारा माणूस मी अनेकदा पाहिला आहे. एसटी स्थानकाजवळचा चहावाला, पंक्चर काढणारा, केस कापणारा. पैसे न घेताना हे लोक आपल्याकडे बघत नाहीत. हाताने काहीतरी काम करत राहतात आणि मान हलवतात, कारण बघितले तर आपण पैसे पुढे करू, हे त्यांना माहीत असते. मात्र हा पंपवाला सरळ डॉक्टरच्या तोंडाकडे पाहून, हसून नाही म्हणतो. प्रथम मला ते खोटे वाटले. दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आले की, त्याला ऋण फेडायचेच नाही. तो ते मिरवतो आहे. आणि समोरचा डॉक्टर, आपण इथेच राहायला हवे होते की काय, असे काहीसे पुटपुटतो. ते वाक्य ऐकून मी चित्रपट थांबवला आणि थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

नाट्यवेडी

डॉक्टरकाका, या धाग्यावर आतापर्यंत जे लिहिले गेले त्यात तुमचे निरीक्षण सर्वांत नेमके आहे. त्याच वर्षी ‘द सेव्हन्थ सील’चा नायक असलेला नट तेवढ्यासाठी पंपावर उभा राहिला, कारण त्या मंडळीत मोठी भूमिका आणि लहान भूमिका हा भेद फारसा नव्हता. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांमध्ये काल राजा झालेला आज भालदार होई, तसेच हे.

सुमती_ग

मी न टिकलेल्या चित्रपटाविषयी लिहिते. ‘द व्हर्जिन स्प्रिंग’ला (१९६०) परदेशी चित्रपटाचा ऑस्कर मिळाला होता आणि महाविद्यालयात असताना मी त्याच्यावर भारावून निबंध लिहिला होता. दोन वर्षांपूर्वी पुन्हा पाहायला घेतला आणि मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रसंगाशी बंद केला. माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. महिनाभराने उरलेला भाग पाहिला, तो मुख्यतः टोरेसाठी, म्हणजे फॉन सिडो यांनी साकारलेल्या बापासाठी.

मुलीचे मारेकरी आपल्याच घरात आसऱ्याला आले आहेत, हे कळल्यावर तो बाप आरडाओरडा करत नाही. उघड्या माळावर एक कोवळे बर्चचे झाड एकटेच उभे असते. तो त्याच्याकडे चालत जातो आणि अंगाच्या जोराने त्याला वाकवू लागतो. कॅमेरा दूर आहे, त्यामुळे चेहरा जवळजवळ दिसतच नाही. एक काळी आकृती आणि एक झाड यांची झोंबाझोंबी तेवढी दिसते. झाड आधी हटत नाही, मग झुकते, मग आडवे होते आणि तो त्याच्यावर कोसळतो. त्या फांद्या तोडून नेऊन तो न्हाणीघरात अंगावर मारून घेतो. त्यानंतरच्या सूडात तो एका लहान मुलालाही ठार करतो, आणि मग आपल्या हातांकडे पाहतो.

इथपर्यंत मला काहीच खोटे वाटले नाही. परंतु अखेरीस मुलीचे डोके उचलताच त्या जागी झरा फुटतो, तिथे माझा विश्वास उडाला. देवाला जाब विचारून झाल्यावर त्याच हातांनी देऊळ बांधीन असे म्हणणारा बाप मला समजतो. पण झऱ्याने सगळ्यांना इतक्या लवकर मोकळे करायला नको होते. निबंधात मी त्या झऱ्यावर दोन पाने लिहिली होती.

लुंडकर

सुमतीताई, झरा हा मूळ पोवाड्यातच आहे. किंबहुना त्या झऱ्याची जन्मकथा म्हणूनच तो पोवाडा गायला जात असे. तो काढून टाकला असता तर कथाच उरली नसती.

सुमती_ग

लुंडकर, ते मान्य आहे. पोवाड्यात मला तो खटकणार नाही, कारण पोवाड्यात झाडाशी झोंबणारा बाप नसतो. नटाने बापाला इतके खरे केले की चमत्कार त्याच्या शेजारी उभा राहू शकला नाही. याला दोष म्हणावे की स्तुती, ते तुम्ही ठरवा.

वर्षा_मिनेसोटा

आतापर्यंत कोणीही यान त्रोएल यांच्या ‘द एमिग्रंट्स’ (१९७१) आणि ‘द न्यू लँड’ (१९७२) यांचे नाव घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझ्या घरापासून मोटारीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर लिंडस्ट्रॉम नावाचे गाव आहे. तिथे पाण्याची टाकी कॉफीच्या किटलीच्या आकाराची आहे आणि रस्त्यालगत कार्ल ऑस्कर व क्रिस्तिना यांचा पुतळा आहे. ही दोन माणसे खरी नव्हेत, विल्हेल्म मोबेरी यांच्या कादंबऱ्यांतली आहेत. तरी गावाने त्यांना पूर्वज मानले आहे. पुतळ्यात तो पुढे पाहतो आणि ती मागे वळून पाहते. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा भारतातून येऊन मला चार महिने झाले होते, त्यामुळे मी कोणाच्या बाजूने उभी राहिले असेन ते सांगायला नको.

फॉन सिडो त्यात स्वीडन सोडून अमेरिकेला निघालेला शेतकरी कार्ल ऑस्कर आहेत आणि लिव उलमन त्याची बायको क्रिस्तिना. स्मोलांडच्या दगडाळ जमिनीत काही पिकत नाही. भुकेली थोरली मुलगी एकदाच पोटभर लापशी खाते आणि त्यानेच मरते. मग जहाजाचा प्रवास, उवा, आजारपण, मृत्यू. या सगळ्यात फॉन सिडो यांचे काम म्हणजे अक्षरशः काम आहे : खणणे, तोडणे, ओढणे, बांधणे. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस तो तळ्याकाठच्या रानात एकटा शिरतो, जमीन उकरून माती हातात घेऊन पाहतो, झाडाच्या बुंध्यावर आपले नाव कोरतो आणि त्याच झाडाला टेकून बसतो. संवाद नाही. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा डोळे भरून आले होते. पुढे इथल्या इतिहासाविषयी अधिक वाचल्यावर दुसऱ्यांदा पाहिले, तेव्हा मनात आले की ते झाड कोणाचे होते? दुसऱ्या भागात १८६२ सालचा डकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांचा उठाव येतो आणि चित्रपट हा प्रश्न टाळत नाही. तरीही झाडावर नाव कोरणाऱ्या त्या माणसाचा आनंद मला आजही खोटा वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगाव्या लागतात.

‘द न्यू लँड’मधला हिमवादळाचा प्रसंग मी इथे पुरा सांगत नाही. बाप, लहान मुलगा आणि बैल, एवढेच म्हणते. ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल.

उत्तररात्र

कळले. आणि पुन्हा थंडी वाजली.

प्रस्तर

वर्षाताई, मी माझे विधान अंशतः मागे घेतो. त्रोएल यांचे दोन्ही चित्रपट मी फार पूर्वी पाहिले होते, त्यांत फॉन सिडो आहेत हे मी चक्क विसरलो होतो. मला कार्ल ऑस्करच आठवत होता. नटाला यापेक्षा मोठी पावती नसावी. पण मग मी मिंग बादशहाला विसरलो नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

साधा_प्रेक्षक

झगा लाल होता, एवढाच.

कृष्णधवल

सर्वांचे वाचून एक गोष्ट लक्षात आली, ती नोंदवतो. हात, झाड, माती, कापणारी बोटे, न हलणारे खांदे. आपण सगळे चेहरा सोडून इतर गोष्टींविषयी लिहितो आहोत. १९५८ साली बर्गमन यांनी त्यांना घेऊन एक चित्रपट केला, त्याचे इंग्रजी नाव ‘द मॅजिशियन’; स्वीडिश नावाचा अर्थ मात्र ‘चेहरा’ असा आहे. त्यातला जादूगार फोगलर खोटी दाढी आणि काळा टोप लावून मुका असल्याचे सोंग करतो. तेव्हा फॉन सिडो २९ वर्षांचे होते. त्यानंतर २०११ साली ‘एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज’मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा एक न बोलणारा माणूस उभा केला, त्याच्या एका तळहातावर ‘हो’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ असे गोंदलेले असते. चित्रपट मला बेतास बात वाटला. परंतु एका लहान मुलासमोर तो म्हातारा नुसता तळहात दाखवतो तेव्हा त्यात कंटाळा, माया, खट्याळपणा असे वेगवेगळे अर्थ येत जातात. ‘पेले’साठी प्रमुख अभिनेत्याचे नामांकन मिळाले होते, या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्याचे मिळाले. ऑस्कर दोन्ही वेळा हुकला.

बर्गमन यांना हा चेहरा हवा होता, यात शंका नाही. पण तो चेहरा आता इतका छापला गेला आहे की माझ्यापुरते तरी त्याचे नाणे झिजले आहे. हातांचे तसे झालेले नाही.

उत्तररात्र

मग ‘शेम’ (१९६८) तुमच्या यादीत हवाच. युद्धापासून पळून बेटावर येऊन राहिलेले वादक दांपत्य. नवरा यान इतका भित्रा की खाण्यासाठी कोंबडी मारायची तर तेही त्याला जमत नाही, आणि तो प्रसंग जवळजवळ विनोदी आहे. व्हायोलिन वाजवणारे तेच हात पुढे माणूस मारतात, आणि मग दुसरा माणूस अगदी सहज मारतात. फॉन सिडो यांनी त्या दोन टोकांमध्ये कुठेही ‘आता मी बदललो’ असे दाखवलेले नाही. तरुणपणी मी यानचा तिरस्कार केला होता. करोनाच्या पहिल्या महिन्यांत घरात धान्य साठवून झाल्यावर शेजाऱ्याने मागितलेली एक गोष्ट मी नाकारली, आणि त्यानंतर यानविषयी बोलताना माझा आवाज खाली येतो.

उंट_घोडा

वातावरण हलके करण्यासाठी सांगतो. ‘हॅना अँड हर सिस्टर्स’मध्ये (१९८६) फॉन सिडो फ्रेडरिक नावाचे तिरसट चित्रकार आहेत. रात्रभर दूरचित्रवाणी पाहून ते चरफडत असतात, आणि दूरचित्रवाणीवरच्या धर्मप्रचारकांवर घसरतात : आपल्या नावाने काय चालले आहे ते येशूने परत येऊन पाहिले तर त्याच्या ओकाऱ्या थांबणार नाहीत, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य आहे. २१ वर्षांपूर्वी स्वतः येशू झालेल्या नटाच्या तोंडी हे वाक्य आहे, हे लक्षात ठेवून पाहावे.

तालुक्याचा_डॉक्टर

मुलाने ‘पेले’ही दाखवला. लासेचे एक स्वप्न असते : रविवारी सकाळी कोणीतरी अंथरुणात कॉफी आणून द्यावी. त्यासाठी तो एका खलाशाच्या बायकोशी सूत जमवतो, कारण खलाशी समुद्रात गेला तो गेला असे सगळे धरून चालतात. पुढे तो खलाशी परत येतो. एवढ्या मोठ्या गरिबीच्या कथेत माणसाची मागणी फक्त एका पेल्याची आहे. आमच्या घरी गेली चाळीस वर्षे सकाळचा चहा मीच करतो, हे सौ.ने मला त्या प्रसंगाच्या वेळी आठवण करून दिले.

नाट्यवेडी

कृष्णधवल, मूळ प्रश्न तसाच राहिला. माझे मत असे की, भाच्याला सुरुवातीला ‘द सेव्हन्थ सील’ दाखवू नये. त्यातली मृत्यूची आणि बुद्धिबळाची इतकी विडंबने झाली आहेत की त्याला मूळ चित्रपटच विडंबन वाटेल. ती प्रवासी नटांची गाडी, ती रानस्ट्रॉबेरी आणि दुधाचा वाडगा दोन्ही हातांत धरून बोलणारा सरदार, हे त्याला पुढे केव्हातरी स्वतःहून सापडू द्यावे. शेवटच्या मृत्युनृत्याच्या वेळी बरेचसे नट घरी गेले होते आणि ढग चांगला आला म्हणून तंत्रज्ञांना व दोन पर्यटकांना कपडे चढवून तो उरकला गेला, ही गोष्टही आधी सांगू नये.

कृष्णधवल

उशिरा उत्तर देतो आहे, क्षमस्व. शनिवारी भाचा मुक्कामाला आला होता. डॉक्टरसाहेबांचे ऐकून मी त्याला ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मधला फक्त पेट्रोलपंपाचा प्रसंग दाखवला आणि हा तुझा कावळा, असे सांगितले. त्याचा विश्वास बसेना. त्याने तो प्रसंग दोनदा मागे नेऊन पाहिला. मग म्हणाला, “मामा, यात तो किती आनंदी आहे!” हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. फॉन सिडो यांना पडद्यावर इतक्या सरळपणे आनंदी मी तरी फारसे पाहिलेले नाही.

त्यानंतर वर्षाताईंचा प्रतिसाद वाचून त्याने स्वतःच ‘द एमिग्रंट्स’ लावला. चित्रपट तीन तासांहून मोठा आहे आणि घड्याळात तेव्हा साडेदहा वाजले होते. जहाज बंदर सोडेपर्यंत मी जागा होतो. सकाळी उठलो तेव्हा तो खुर्चीतच झोपला होता, आणि पडद्यावर झाडाला टेकून बसलेला कार्ल ऑस्कर थांबवून ठेवलेला होता. आज रात्री आम्ही दुसरा भाग पाहणार आहोत. बैलाविषयी मी त्याला काही सांगितलेले नाही.